रायटरसोबत आलेला प्लेअर आणि ‘अपग्रेड करा’ची पाटी

डीव्हीडी रायटरबरोबर फुकट मिळालेलं व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर (प्लेअर), उघडला रे उघडला की ‘अपग्रेड करा’ची पाटी, मंडळाच्या जुन्या नाटकांच्या डीव्हीडी अडखळतायत आणि मोबाईलवर घेतलेली दिवजांच्या जत्रेची फोरके क्लिप झटके खातेय. तुमची पोस्ट वाचून आमचं जुनं दुखणं वर आलं. अपग्रेडवरची सूट रविवारी संपतेय, घेऊ का, असं विचारता? संपू दे. परत येते.

व्हीएलसी (फुकट मिळणारा दुसरा प्लेअर) टाकून बघा वगैरे सांगत बसत नाही, ते केलंच असेल. आधी पाटीचं बोलू, कारण पैसे तिथेच बुडतात.

रायटर किंवा लॅपटॉपबरोबर येते ती ओईएम, म्हणजे यंत्रासोबत द्यायची आवृत्ती. नाव तेच, पण बऱ्याच सोयी छाटलेल्या. अपग्रेडचा स्वस्त दर बहुतेक वेळा पूर्ण आवृत्ती विकत घेतलेल्यांसाठी असतो, ओईएमवाल्यांना तो लागू असेलच असं नाही. गोची अशी की पैसे आधी कापले जातात आणि जुनी की (परवान्याचा क्रमांक) नंतर, इन्स्टॉल करताना मागतात. ती नाकारली की सॉफ्टवेअरवाले म्हणतात रायटरवाल्यांना विचारा, रायटरवाले म्हणतात सॉफ्टवेअरवाल्यांना. आमच्या वेळी मदत विभागाने (नाव घेत नाही) एकच छापील उत्तर तीनदा पाठवलं, आणि तोवर पैसे परत मागायची मुदत उलटली. तेव्हा प्लेअरच्या अबाउट खिडकीचा स्क्रीनशॉट काढा, तो मेल करा आणि ‘या कीवर अपग्रेड चालेल का’ एवढंच विचारा. लेखी ‘हो’ येईपर्यंत कार्ड खिशात. जुना प्लेअरही तोवर अनइन्स्टॉल करू नका. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमध्ये आयती येत नाही.

आता तुमच्या दोन तक्रारी. दोन्हींवर अपग्रेड हे औषध आहे असं मला तरी वाटत नाही.

डीव्हीडी अडखळते तेव्हा व्हिडिओ टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फायली हार्ड डिस्कवर कॉपी करून बघा. एकेक साधारण एक जीबीची असते. कॉपी मध्येच अडकली किंवा एरर आली तर दोष तबकडीचा नाहीतर रायटरच्या लेन्सचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या तबकड्यांना बुरशी धरते, त्याला कुठला प्लेअर काय करणार? मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा डेटाच्या रांगेवरच बसतो.

कॉपी सुरळीत झाली, पण हलणाऱ्या पात्रांच्या कडांना करवतीसारखे दात दिसत असतील, तर ते कॅमकॉर्डरचं इंटरलेस्ड चित्रण, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी दोन वेगळ्या भागांत (फील्डमध्ये) साठवलेलं. व्हीएलसीत चालू व्हिडिओवर डी दाबा, डीइंटरलेस, म्हणजे ते दोन भाग एकत्र सांधणं, सुरू होतं. मोड यादिफ २एक्स ठेवा. दात जाऊन उलट चित्र पुढेमागे थरथरायला लागलं, तर डीव्हीडी करताना फील्डचा क्रम उलटा पडलाय. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्ही टेपमध्ये, म्हणजे कॅमकॉर्डरच्या डिजिटल कॅसेटमध्ये, खालचं फील्ड आधी असतं, आणि डीव्हीडी करणारे बरेचदा वरचं आधी धरतात. जाहिरातीतलं ‘एआय सुधारणा’ बटण दाबून हे जात नाही, फील्डचा क्रमच दुरुस्त करावा लागतो, आणि मूळ टेपवरून पुन्हा काढणं सगळ्यात बरं. टेप असेल तर जपा.

फोरके क्लिपचं वेगळं. ती वाजत असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख बघा. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभराला टेकलेला, म्हणजे हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपने करणं) होतच नाहीये. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ते ऑटोमॅटिक करा. तरीही शून्यच, तर चिपची पिढी बघा. इंटेलची सहावी पिढी ८-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत; बिट जास्त तितक्या रंगछटा जास्त) झेपवते, १०-बिट नीट चालतं ते सातवीपासून. नव्या आयफोनची एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी) क्लिप १०-बिट असते. फोनमध्ये एचडीआर बंद करून १०८० मध्ये चित्रण केलंत तर एक पैसा न घालता प्रश्न मिटतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्येच बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन मिळतं, डॉलरभराचं.

मग पैसे कधी घालावेत? विकतच्या ब्लू-रे तबकड्या मेनूसकट बघायच्या असतील तर जरूर घाला, तिथे फुकटातले प्लेअर तबकडीवरच्या कॉपी रोखणाऱ्या कुलपाशी अडतात. पण फोरके ब्लू-रेसाठी घेणार असाल तर सावध. त्याला प्रोसेसरमधलं एसजीएक्स, म्हणजे गुपितं जपणारा सुरक्षित कप्पा, लागतं आणि इंटेलने ते अकराव्या पिढीपासून काढून टाकलंय. नवाकोरा लॅपटॉप आणि महागडं अपग्रेड असूनही तबकडी चालत नाही, ती यामुळे. (माझा वावर विंडोजवरच, मॅकवाल्यांनी हे प्रमाण मानू नये.)

घेतलंतच तर ‘दरवर्षी आपोआप नूतनीकरण’ची खूण आधी काढा. एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते ओटीपी न विचारता जातात. आदल्या दिवशी बँकेचा मेसेज येतो, तो कोण वाचतो!

जाता जाता, लिस्बनच्या नातेवाइकांकडून आलेल्या डीव्हीडी रिजन २ च्या (रिजन म्हणजे तबकडी कुठल्या देशांत चालेल त्याचा क्रमांक) असतात, आपल्या ५ च्या. ड्राइव्ह रिजन बदलायचं विचारेल तेव्हा लगेच ‘ओके’ म्हणू नका. पाचच बदल मिळतात, पाचव्यानंतर तो तिथेच कायमचा अडकतो. जुना जास्तीचा रायटर पडून असेल तर तो रिजन २ ला लावून टाका.