गगनबावड्याकडे झोपडीत राहून गाणी रचायची आहेत, सुरुवात कशी करू?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातली नोकरी सोडून गगनबावड्याच्या अलीकडे मामांच्या आठ गुंठ्यांतल्या झोपडीत राहायचं, चार भाज्या पिकवायच्या आणि गाणी रचायची. वीज नाही. सोबत हार्मोनियम आणि गिटार. घरचे म्हणतात डोकं फिरलंय. सुरुवात कुठून?

डोकं फिरल्याचं राहू द्या. गाण्याच्या नादापायी घर सोडणारे आपल्या भागाला नवे नाहीत. रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव कुलकर्णीपण सोडून तमाशाच्या फडात गेलेच होते. उलट आपल्या खेबवड्याचे जगदीश खेबुडकर मास्तरकी करता करता गाणी लिहीत होते. म्हणजे नोकरी सोडल्यानं गाणं सुचतं असं नाही आणि ठेवल्यानं आटतं असंही नाही. तुमची खरी अडचण निराळी आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढे जातो. तिथं साधं राहायचं म्हणजे चार महिने वस्तू कोरड्या ठेवायच्या. ते जमलं तर बाकीचं जमेल.

म्हणून पहिली गोष्ट: जूनमध्ये जाऊ नका. दसरा झाला की जा. ऑक्टोबर ते मे घर, सरपण, पाणी, वाद्य यांची तयारी करा आणि मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, ती संपवा. तरणा आणि म्हातारा पाऊस (पुनर्वसू आणि पुष्य, साधारण ५ जुलै ते २ ऑगस्ट) हा कस लागायचा काळ. त्या चार आठवड्यांत धुतलेला पंचा तीन-तीन दिवस वाळत नाही, मग लाकूड, सरस आणि चामड्याचं काय होणार!

हार्मोनियम घरीच ठेवा. दमट हवेत लाकडी पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या घड्या चिकटवलेल्या जागी सुटतात, आतल्या पितळी सुरांवर हिरवट थर चढतो आणि दोन-तीन सूर बेसूर बोलू लागतात. तिथं दुरुस्ती करणारा मिळणार नाही. गिटार भरीव लाकडाची असेल तर तीही नको. पोट फुगतं, तारा पट्टीपासून उंच जातात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवलेल्या जागेवरून उचलली जाते. प्लायची स्वस्त गिटार त्यामानाने तग धरते, पण तारा महिन्याभरात गंजतात.

तिथं चालेल ती एकतारी. तीही स्वतः बनवलेली, कारण मोडली तर तुम्हालाच दुरुस्त करता आली पाहिजे. सविस्तर सांगतो, बाकीच्या गोष्टी विचारायला गावात माणसं आहेत.

भोपळा कडू लागतो, भाजीचा नाही. त्याची साल जाड असते. मिरजेच्या सतारींचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात, आणि मिरज कोल्हापूरपासून ५० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पहिला भोपळा तिथल्या सतारमेकरांकडून वाळलेलाच घ्या. २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचा पुरे. वाजवून बघा: टणक, कोरडा आवाज आला पाहिजे. बोटानं दाबल्यावर कुठं मऊ लागलं तर तो आतून कुजलेला आहे. वरची काळी बुरशी मात्र निरुपद्रवी, ओल्या फडक्यानं निघते. वरचा भाग बारीक दाताच्या करवतीनं कापा, आतला गर आणि बिया खरवडून काढा. खरवडताना नाकाला फडकं बांधा. ती धूळ कडू असते आणि घसा धरते. गायचं असेल तर हे विसरू नका.

दांडीला बांबू ९० सेंटिमीटर लांब, तीन ते साडेतीन सेंटिमीटर जाड. तीन-चार वर्षांची काठी घ्या आणि ती थंडीत तोडलेली असावी. पावसाळ्यात तोडलेल्या किंवा कोवळ्या काठीत पिष्ट जास्त असतं, त्यावर किडा पडतो आणि सहा महिन्यांत दांडीखाली पिवळी भुकटी दिसायला लागते. काठी वाहत्या ओढ्यात तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवली की पिष्ट बरंच धुऊन जातं. नंतर सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर उभी तडकते. दांडी भोपळ्याच्या आरपार, कापलेल्या तोंडाच्या दोन बोटं खालून जाते. भोकं दांडीपेक्षा किंचित लहान पाडून कानशीनं वाढवत न्या. सैल झाली तर तार ओढल्यावर दांडी पुढं झुकते आणि सूर ठरत नाही.

आता तोंडावर काय मढवायचं? शेळीच्या चामड्याचा आवाज गोड असतो, यात वाद नाही. पण गगनबावड्याला मी चामडं सुचवणार नाही. दमटपणात ते ढिलं पडतं, सूर दीड-दोन स्वर उतरतो, आणि हलगीसारखं प्रत्येक वेळी शेकत बसावं लागतं. शिवाय जनावराचा सरस ओल धरून सुटतो. त्याऐवजी दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची लाकडी तबली बसवा, सतारीला असते तशी. तून लाकूड मिळालं तर उत्तम. ती पाण्याला न सुटणाऱ्या डिंकानं चिकटवा आणि एक रात्र दोरीनं आवळून ठेवा. आवाज चामड्यापेक्षा थोडा बारीक येतो, पण जुलैत तो येतो तरी. चामड्याचाच हट्ट असेल तर चिकटवू नका, कडेनं भोकं पाडून दोरीनं ताणा, म्हणजे ढिलं पडल्यावर पुन्हा आवळता येतं.

खुंटी शिसवी, थोडी निमुळती. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून ती घसरते, तेव्हा खडू चोळा. पावसाळ्यात फुगून अडकते, तेव्हा कोरडा साबण चोळा. तेल कधीच नको. तार ०.३० मिलिमीटरची पोलादी, घोडीपासून वरच्या मेरूपर्यंत (खुंटीजवळ तार टेकते ती पट्टी) ७० सेंटिमीटर. काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावली तर दोन किलोच्या आसपास ताण पडतो, तेवढा हा सांगाडा आरामात सोसतो. ०.४० ची तार लावून तोच सूर धरला तर ताण जवळजवळ पावणेचार किलोवर जातो. तबली मधे दबलेली दिसली तर कारण बहुतेक हेच असतं. घोडी दीड सेंटिमीटर उंच, माथा किंचित उतरता, आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवून बघा. एका जागी झंकार उघडतो, तिथं थांबा. बाहेरून जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात दोन-तीन दिवस वाळू द्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

एकतारी ठेवायची कुठं? चुलीपासून पाच-सहा फुटांवर, माळ्याच्या खाली टांगून. पूर्वी बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवत ते उगीच नाही. ऊब आणि धूर दोन्ही मिळतात, कीड येत नाही. काजळी धरते, ती पुसायची. जास्तीच्या तारा, वह्या आणि फोन मात्र झाकणाच्या पिंपात, सोबत ओल शोषणारं पाव किलो सिलिका जेल. निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवा, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको. निळा रंग कोबाल्टचा असतो, तो पोटात जाऊ नये.

घराकडे वळू. झोपडीवर पत्रा असेल तर तुमच्यासाठी तो सगळ्यात वाईट. पत्र्यावर मुसळधार पाऊस सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तार कुठं लागली ते काय ऐकणार? मंगलोरी कौलं घाला, आणि तेवढे पैसे नसतील तर पत्र्यावर गवताचा जाड थर बांधून घ्या. कौलांचा उतार तीस-पस्तीस अंशांचा ठेवा. कमी असेल तर वारं पाणी कौलांच्या सांध्यातून वर ढकलतं. वळचण भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर हवी. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला दार असेल तर पडवीला बांबूची तट्टी लावा, नाहीतर झड थेट चुलीपर्यंत येते. जोतं दोन फूट. त्यापेक्षा कमी ठेवलं तर ओल चढते, आणि वाळवी मागोमाग.

नवीन बांधकाम काढायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, आणि मामांची संमती कागदावर घेऊन ठेवा. सातबारा त्यांच्या नावावर आहे. विकत घ्यायचा विचार पुढं आला तर लक्षात असू द्या, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं.

पाण्याची गंमत अशी की एवढ्या पावसाच्या गावात एप्रिलमध्ये झरे आटतात. दोनशे चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला नव्वद हजार लिटर पाणी पडतं, पण ते साठवायला टाकी लागते. एका माणसाला दिवसाला पन्नास लिटर धरा, कोरडे शंभर दिवस धरा, म्हणजे पाच हजार लिटरची टाकी. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, टाकी ऑगस्ट-सप्टेंबरच्या स्वच्छ पाण्यानं भरा. तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डास तुमच्याआधी सूर लावतील.

खाण्याचं सोपं आहे. चार महिन्यांना ६० किलोच्या आत धान्य: २८ किलो तांदूळ, २० किलो नाचणी, वर ८ किलो कुळीथ-तूर. नाचणी वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते, तांदूळ तसा टिकत नाही. सरपण साडेतीनशे किलो, पडवीत जमिनीपासून वीतभर उंच रचलेलं. भाजी पावसात फारशी होत नाही. दोडका, काकडी, भोपळा मांडवावर चढवा. गवे येतील. काट्याच्या कुंपणाला ते जुमानत नाहीत, म्हणून वेल घराला चिकटून लावा.

झोपताना जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या चाव्याला दुखतही नाही. खाट आणि कडा आत खोचलेली मच्छरदाणी पुरे. प्रतिसर्पविष लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते हे पावसाआधी विचारून ठेवा. तिथून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय तास-दीड तासावर आहे. चावलेल्या जागी आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका.

आता गाणं. शहरात माणूस टेबलाशी बसून ओळ लिहितो आणि मग चाल शोधतो. तिथं हात रिकामे नसतील, म्हणून उलटं करा: कामाची लय घ्या, तिच्यात ओळ बसवा. जातं ओढताना अर्ध्या फेऱ्याला जोर लागतो, अर्ध्याला हात सैल सुटतो. ओवी त्या फेऱ्यांवर वाढलेली आहे. भांगलताना किंवा रोप लावताना कंबर वाकलेली असते, श्वास पुरत नाही, तिथं सहा-आठ अक्षरांपेक्षा लांब ओळ मोडतेच. चढाची वाट चालताना आठ मात्रांचा केरवा आपोआप पायात येतो. दादऱ्याच्या सहा मात्रांवर चालून बघा, पाय अडखळतो.

सुरुवातीला मोठ्या अभंगाचा साचा धरा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. उदाहरणादाखल आताच जुळवलेलं:

पावसाची झड
पडवीत आली
ओली चिंब झाली
माझी वही

जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. वरचं यमक क्रियापदांचं, म्हणजे आळशी आहे. आली, गेली, झाली यांवर पन्नास गाणी होतात आणि पन्नासही सारखीच वाटतात. नामांची यमकं शोधा. तुमच्या आजूबाजूला नामं भरपूर आहेत: वळचण, शेवाळ, खेकडा, इरलं. चार ओळी पाठ झाल्याशिवाय कागदाला हात लावू नका. दुपारपर्यंत जी ओळ विसरली तिची चिंता सोडा.

लिहायला पेन्सिल, दोन-बी. जेलची शाई दमट कागदावर पसरते आणि महिन्याभरात अक्षर वाचता येत नाही. वहीवर तारीख घाला आणि दर महिन्याला कोल्हापूरला जाल तेव्हा पानांचे फोटो काढून घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा. कसर आणि बुरशी वर्षाला एक वही सहज खातात.

चाल फोनवर नोंदवायची तर पहाटे. रात्री बेडूक आणि रातकिडे इतके जवळ असतात की आवाज त्यात बुडतो. फोन तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला, डोक्यावरून गोधडी. सौर पट्टीवर जुलैत भरवसा ठेवू नका, दाट ढगात ती जेमतेम दहा-वीस टक्के चालते. दोन पॉवर बँका ठेवा आणि बाजारच्या दिवशी गावात भरून आणा.

हक्काचं एवढंच: गाणं लिहून किंवा नोंदवून ठेवलंत की स्वामित्वहक्क तुमचाच, हयातभर आणि पुढं साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर एका साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर निर्मात्याला लिहून देता येत नाही. "एकरकमी घ्या आणि सगळे हक्क सोडा" असा कागद कुणी पुढं केला तर सही करू नका. पारंपरिक चालीवर तुमचे शब्द असतील तर हक्क शब्दांवर, चालीवर नाही.