दिल्ली पासिंग स्कॉर्पिओ, आरसीवर वेगळा सीसी: आधी विमा पॉलिसीवरचा सीसी बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. पारोळ्यात दिल्ली पासिंगची २०१६ ची डिझेल स्कॉर्पिओ घेतली, आरसीवर म्हणजे नोंदणी पुस्तकावर सीसी (इंजिनचा आकार) दोन हजारांच्या आत. शेजाऱ्याच्या त्याच वर्षाच्या एमएच-१९, म्हणजे जळगाव पासिंगच्या स्कॉर्पिओवर २१७९. इंजिन बदललंय की आरसी बनावट, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडेही तसलीच गाडी आहे, म्हणून सांगतो.

सीसी कमी आहे एवढ्यावरून तरी गाडीत खोट दिसत नाही. सुप्रीम कोर्टाने १६ डिसेंबर २०१५ ला दिल्ली आणि एनसीआरमध्ये २००० सीसी व त्यावरच्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणी थांबवली. महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५००, दोन्हींत २.२ लिटरचं (२१७९ सीसी) एमहॉक इंजिन. मग महिंद्राने जानेवारी २०१६ मध्ये तिकडच्यासाठी १.९९ लिटरचं, दोन हजार सीसीच्या आतलं एमहॉक आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का सेस लावून कोर्टाने बंदी उठवली. ताकद दोन्ही इंजिनांची सारखीच, स्कॉर्पिओत १२० बीएचपी, त्यामुळे चालवून फरक कळत नाही. बॉनेट उघडून बघणाऱ्यालाही पटकन ओळखू येत नाही.

एकाच मॉडेलला भागानुसार वेगळं इंजिन, हे आपल्याकडे नवीन नाही. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (गाड्यांच्या धुराचा कडक नियम) आधी १३ शहरांत आलं. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, सोलापूर, शेजारच्या गुजरातेतून सुरत आणि अहमदाबाद. खान्देश त्या यादीत नव्हता, इकडे आधीचं बीएस-३ च. इंडिकाचंच घ्या. बीएस-४ मध्ये १३९६ सीसीचं नवं सीआर४ इंजिन, बीएस-३ मध्ये जुनं १४०५ सीसी. नाव एक, इंजिनं दोन. एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ झालं तेव्हा हा प्रकार थांबला. नंदुरबार-नवापूरकडे सुरतेच्या जुन्या गाड्या भरपूर फिरतात, तिथल्या मेकॅनिकांना हे तोंडपाठ असतं.

दुसऱ्या राज्यातली गाडी इकडे नावावर करायला लागणारं एनओसी (ना-हरकत दाखला), फॉर्म २८, २७, २९, ३० वगैरे तुम्हाला माहीत असेलच, एजंटनेही सांगितलं असेल. माझं घोडं अडलं ते इन्शुरन्सच्या ऑफिसात. नाव घेत नाही.

गाडी एमएच-१९ झाल्यावर पॉलिसी नव्याने काढली. तिथल्या माणसाने आरसी समोर ठेवून संगणकात मॉडेल निवडलं, यादीत फक्त २.२ होतं, त्याने तेच दाबलं. पॉलिसीवर २१७९ छापून आलं. पुढे एरंडोलजवळ ट्रॉलीला घासून डावी बाजू गेली, क्लेम टाकला, आणि नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरने शेरा मारला की पॉलिसीतलं वाहन आणि आरसीतलं वाहन जुळत नाही. गाडी गॅरेजमध्ये धूळ खात, कापसाचा सीझन तोंडावर, आणि ऑफिसवाले म्हणतात, "आरटीओत जाऊन आरसीवर २१७९ करून आणा." म्हणजे बरोबर असलेला कागद चुकीचा करून आणा! आरटीओतल्या साहेबांनी गाडी आणायला लावली, चेसिस नंबरवरची माती फडक्याने पुसली, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, एकेक आकडा बोटाने जुळवला आणि सांगितलं, नोंद बरोबर आहे, हात लावणार नाही. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. हे मी ऑफिसात सांगितलं तर म्हणे, "मग आमच्याकडे ऑप्शन नाही." दरवेळी वेगळा माणूस, दरवेळी पहिल्यापासून गोष्ट. दुरुस्तीचे पैसे शेवटी उसने काढून भरले.

संताप कशाचा, तर यात कंपनीचा एक रुपयाही बुडत नव्हता. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० आणि १५०० च्या वर, अशा तीनच गटांत ठरतो. १.९९ काय आणि २.२ काय, दोन्ही वरच्याच गटात. शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावताना एकालाही हे सुचलं नाही?

प्रकरण हललं ते लेखी अर्जाने. आरसी, एनओसी आणि जुनी दिल्लीची पॉलिसी जोडून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्का द्यायलाही कां-कूं करतात, उठू नका. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, हे अर्जातच लिहिलं होतं. तेवढ्यावर एंडोर्समेंट (पॉलिसीवरची दुरुस्ती) झालं आणि क्लेमही सुटला. तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही, माझं ठाम मत.

मी वकील नाही, एजंटही नाही. तुमच्या गाडीत दुसरी भानगड नसेलच असं इथून सांगता येणार नाही. इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, तो जुळला नाही तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि विकणाऱ्याला गाठा. दिल्लीचे थकलेले चलान आणि फायनान्सचा बोजाही बघून घ्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून त्या स्वस्तात इकडे यायला लागल्या, पण स्वस्त म्हणून कागद न बघता घेऊ नये.

पार्टचं म्हणाल तर मॉडेल आणि साल सांगून काहीच मागवू नका, चेसिस नंबर द्या. आमच्या धरणगावच्या मिस्तरीने पहिल्यांदा इंजिन नंबर बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हाई आपलं इंजिन नई शे." तेव्हापासून तो ऑर्डर देताना आरसीचा फोटोच पाठवतो.

पॉलिसीवर सीसी काय छापलाय ते आज बघून इथे लिहा. फोटो टाकलात तर नंबर आणि नाव झाका. २१७९ असेल तर अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, पाठवतो.