न्यू जर्सीचं घड्याळ मार्चपासून तासभर मागे: उत्तर

काका, घड्याळ बिघडलेलं नाही. लेकीच्या न्यू जर्सीच्या वेळेसाठी लिनक्स मिंटवर दुसरं एक्सक्लॉक (पडद्यावर घड्याळ दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) लावलंत, ते हिवाळाभर बरोबर चाललं आणि मार्चपासून तासभर मागे पडलं, असं तुम्ही लिहिलंय. गोम तुमच्या कमांडमधल्या ‘ईएसटी’त (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) आहे. ती तिथली फक्त हिवाळ्यातली वेळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्यात नि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. ईएसटीला यातलं काहीच ठाऊक नसतं.

म्हणून शहराचं नाव द्या. टीझेड (म्हणजे टाइमझोन; दोन्ही अक्षरं मोठी), बरोबरचं चिन्ह, अमेरिका, तिरपी रेघ (स्लॅश), न्यू, अंडरस्कोर, यॉर्क; मग एक जागा सोडून एक्सक्लॉक. शहराच्या नावामागे उन्हाळी-हिवाळी बदलाचे सगळे नियम असतात. संगणकातल्या या शहरांच्या यादीत न्यू जर्सी सापडणार नाही, जशी आपली मुंबईही नाही, भारतासाठी आशिया, तिरपी रेघ, कोलकाता.

स्पेलिंग मात्र काटेकोर हवं. अमेरिका, न्यू आणि यॉर्क यांची पहिली अक्षरं मोठी. चुकलं तर लिनक्स तक्रार करत नाही, गुपचूप यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतं. म्हणजे नवं घड्याळ भारतापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे दिसलं, की समजा अक्षर चुकलंय. भारतीय वेळेसाठी ‘आयएसटी’ लिहिलं तरी हेच होतं! मी एकदा न्यू आणि यॉर्कमधला अंडरस्कोर विसरलो. घड्याळात सकाळचे साडेनऊ दिसले म्हणून भावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच. अजून ऐकवतो.

संगणक सुरू होताच घड्याळ यावं म्हणून ही ओळ स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्समध्ये टाकाल, तेव्हा सुरुवातीला ‘ईएनव्ही’ आणि एक जागा घाला. टर्मिनलमध्ये चालणारी ओळ तिथे त्याशिवाय चालत नाही. शेवटी उणे चिन्ह लावून ‘टायटल’ आणि लेकीचं नाव दिलंत, तर दोन खिडक्यांत गोंधळ होणार नाही. सेकंदकाटा हवा असेल तर ‘उणे अपडेट १’.

‘उणे चाइम’ही आहे. अर्ध्या तासाला एक ठोका, तासाला दोन. दोन घड्याळांना एकदम लावू नका, काकू संगणकच बंद करतील.