तिन्ही अक्षांवर एकच आकडा येतोय? बोर्ड बदलण्याआधी कोडमध्ये ८० कुठे लिहिलाय ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा महिना डोळ्यासमोर आला. तुमचंही तेच लिहिलंय: आयटूसी या बसवर (चिप आणि प्रोसेसर जोडणाऱ्या तारांवर) नीट चालणारा अॅक्सेलरोमीटरचा, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचा, ड्रायव्हर, नवीन बोर्डावर तीच एलआयएस३डीएच चिप एसपीआय या दुसऱ्या बसवर जोडली, चिपचा ओळख क्रमांक म्हणजे आयडी बरोबर येतोय, पण एक्स, वाय, झेड तिन्हीला एकच आकडा. आणि आता तुम्ही बोर्ड परत बनवायला टाकणार म्हणताय. कृपा करून थांबा, मी नेमकं तेच केलं होतं.

वायरिंग, सप्लाय, क्लॉक मोड हे तुम्ही तपासलंच असणार, त्यात जात नाही. रजिस्टरचे (चिपमधल्या छोट्या कप्प्यांचे) पत्ते आणि बाइट खाली सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाने, लिहितोय.

या चिपकडून आयटूसीवर सलग रजिस्टर वाचायची तर पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट १ करावा लागतो, म्हणजे २८, जिथून एक्स, वाय, झेडचे सहा बाइट सुरू होतात, त्याचा ए८ होतो. तो बिट म्हणजेच ८०. मी तो सरळ कोअरच्या (ड्रायव्हरच्या बसशी संबंध नसलेल्या मुख्य भागाच्या) रीड फंक्शनमध्ये पत्त्याला ऑर करून, म्हणजे जोडून, टाकला होता, कारण तेव्हा आयटूसी सोडून दुसरी बस डोक्यातच नव्हती. एसपीआयवर त्याच बिटचा अर्थ वेगळा आहे, तिथे तो "मला वाचायचंय" एवढंच सांगतो आणि पत्ता पुढे सरकवायचा बिट त्याच्या शेजारचा, म्हणजे ४०. तेव्हा एसपीआयवर सलग वाचायला ए८ नाही, ई८ पाठवायला हवा.

फसायला होतं ते पुढे. एकच बाइट वाचायचा असेल तर ८० दोन्ही बसवर चालून जातो. आयडीचं रजिस्टर ०एफ, माझा कोड पाठवायचा ८एफ, दोन्हीकडे उत्तर ३३. लिहिताना मी ८० लावत नव्हतो, तेही दोन्हीकडे बरोबर. म्हणजे आयडी येतोय, कॉन्फिगरेशन लिहिलं जातंय, एकेक करून परत वाचलं तर तेच दिसतंय, मग बसवर संशय घेणार कसा? फक्त सहा बाइट एकदम मागितले की चिप २८ वरच उभी राहते आणि एक्सचा खालचा बाइट सहा वेळा देते. नॉर्मल मोडमध्ये डेटा १० बिटचा आणि डावीकडे सरकवलेला असतो, त्यामुळे त्या खालच्या बाइटमध्ये ००, ४०, ८० किंवा सी० एवढंच येऊ शकतं. दोन सारखे बाइट जोडून नेहमीच्या दशमान आकड्यात बघा: ०, १६४४८, उणे ३२६४० आणि उणे १६१९२. तुमच्या लॉगमध्ये १६४४८ दिसला तेव्हाच मला कळलं.

मला हे कळायला तीन आठवडे लागले आणि मधे एक नवीन बोर्ड बनून आला, तोही तसाच वागला. मॉड्यूल ज्यांचं होतं त्यांच्या सपोर्ट विभागाला मी सात मेल केले. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तोच फॉर्म, सप्लाय व्होल्टेज मोजा, बोर्डाचा फोटो पाठवा, आणि शेवटी "आयडी बरोबर येत असल्याने संवाद व्यवस्थित आहे" असं लिहून तिकीट बंद. त्या एका वाक्याने माझा आठवडा खाल्ला, कारण मी त्यावर विश्वास ठेवला. आयडी बरोबर आला म्हणजे एक बाइट वाचता येतो, बस्स, त्यापलीकडे त्यातून काहीही सिद्ध होत नाही. शेवटी एका मित्राचा लॉजिक अॅनालायझर (तारांवरून जाणारे बिट दाखवणारं उपकरण) मागून आणला, पहिल्याच कॅप्चरमध्ये एका लाइनवर ए८ आणि दुसरीवर ओळीने ४० ४० ४० ४० ४० ४०. दहा मिनिटांचं काम होतं.

आता तुमच्या कोडबद्दल. तुम्ही कोअरमध्ये जागोजागी "बस एसपीआय असेल तर" असे इफ टाकलेत, ते आधी काढा. माझं मत ठाम आहे, कोअरला बसचं नावसुद्धा माहीत नसावं. कोअरने एवढंच म्हणावं की २८ पासून सहा बाइट दे, मग ८० लावायचा की सी० (८० आणि ४० मिळून) हे त्या त्या बसच्या फाइलने ठरवावं. लिनक्सवर असाल तर रेगमॅप, म्हणजे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा कर्नलमधला तयार थर, वापरा, स्वतःचं काही रचू नका. २०११ पासून कर्नलमध्ये आहे आणि वाचताना पत्त्याला कोणते बिट लावायचे ते सांगणारी रीड फ्लॅग मास्क नावाची सोय त्यात याचसाठी दिलीय. कर्नलमधलाच एसटीच्या (ही चिप बनवणाऱ्या कंपनीच्या) सेन्सरचा कोड उघडून बघा, आयटूसीच्या फाइलमध्ये ८०, एसपीआयच्या फाइलमध्ये सी०, आणि कोअर वेगळा. मायक्रोकंट्रोलरवर असाल तर एका स्ट्रक्टमध्ये रीड आणि राइटचे दोन फंक्शन पॉइंटर आणि एक काँटेक्स्ट पॉइंटर, एवढं पुरतं. त्यात उद्या लागेल म्हणून यूआर्ट वगैरे इतर जोडण्या सगळ्याला पुरेल असा भलामोठा थर बांधायला जाऊ नका, तो कोणी वापरत नाही आणि सांभाळावा मात्र लागतो.

अजून एक, आयटूसीवर चिप नसेल तर अॅक (चिपकडून येणारी पोच) मिळत नाही आणि ड्रायव्हरला एरर कळते. एसपीआयवर असं काही नाहीच, समोर चिप नसली तरी ट्रान्सफर यशस्वी होतो आणि हातात एफएफ नाहीतर ०० पडतात. म्हणून रिटर्न व्हॅल्यू शून्य आली की सगळं ठीक, असं कोअरने धरू नये. आणि लिनक्सवर एसपीआयला दिलेला बफर स्टॅकवरचा नको, डीएमएला (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत हलवणाऱ्या सोयीला) चालेल असाच हवा, आयटूसीवर हे बऱ्याचदा खपून जातं आणि बस बदलली की अचानक कुठेतरी उडतं. इंटरप्टमध्ये रजिस्टर वाचत असाल तर थ्रेडेड हँडलर घ्या, दोन्ही बसवर ट्रान्सफर झोपू शकतो, म्हणजे वाट बघत थांबतो, आणि साध्या इंटरप्ट हँडलरमध्ये ते चालत नाही.

माझा अनुभव छोट्या सेन्सरचा आहे, पीसीआय किंवा यूएसबीवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये हे बिट वेगळे असतात, बॉशच्या काही सेन्सरना एसपीआयवर वाचताना आधी एक डमी बाइट येतो, तेव्हा डेटाशीटमधला दोन्ही बसचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचाच.

आता सुरुवात इथून करा: २० ते २५ ही कंट्रोल रजिस्टर लिहून झाल्यावर एकदा एकेक करून वाचा, एकदा सहा एकदम वाचा, आणि दोन्ही ताडून बघा. मी आता प्रत्येक ड्रायव्हरच्या सुरुवातीलाच ही तपासणी ठेवतो. सहाही बाइट २० च्या व्हॅल्यूसारखे आले तर बोर्डाला हात लावू नका, रीड फंक्शन इथे टाका, रात्री बघून सांगतो.