ताईंना विचारा : लिलावातला कोंबडा, चढलेली पट्टी आणि बाकीचं

या वेळी चर्चमधल्या गोष्टींबद्दल पत्रं भरपूर आली, व्हॉट्सॲपवर तर काहींनी व्हॉइस नोट पाठवल्यात सात सात मिनिटांच्या, त्यामुळे प्रश्न मी कापून छोटे केलेत, राग मानू नका. नावं कुणाचीच देत नाही. सोलापूर केवढंसं आहे, नुसतं "सात रस्त्याजवळचे, स्कूटरवाले" म्हणलं तरी अर्धी मंडळी ओळखते.

ताई, सलाम. पहिल्या फळांच्या सणाला लिलावात मी एका कोंबड्याला २१०० रुपये बोललो. समोरचा वाढवत होता म्हणून मी पण इरेला पेटलो. कोंबडा घरी नेला, खाल्ला पण. पैसे अजून दिले नाहीत, आता खजिनदार दिसले की मी मागच्या दारानं सटकतो. काय करू?

कोंबडा खाल्लात ना? मग पैसे द्यायचे, त्यात विचारायचं काय!

पण थांबा, तुम्ही एकटे नाही आहात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांमध्ये, हा सण म्हणजे पिकातलं पहिलं देवाला. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाच्या पुस्तकात २३ व्या अध्यायात पहिल्या पिकाची पेंढी आणायला सांगितलंय आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात २६ व्या अध्यायात पहिलं फळ टोपलीत घालून न्यायला सांगितलंय, तिथून हे आलं. आता आपल्यातल्या किती जणांकडे शेत राहिलंय? गावाकडून कुणी ज्वारीचं पोतं आणतं, कुणी भोपळा, कुणी अंडी, आणि शहरातले लोक मग केक, लोणचं, उशीचे अभ्रे, हातमागाची चादर असं काय काय आणतात. उपासना झाली की अंगणात लिलाव. आणि यातली खरी गंमत अशी की ज्यानं घेतलं तो बऱ्याचदा "परत लावा" म्हणून वस्तू तिथंच देऊन टाकतो. मी एक अंडं चार वेळा विकलेलं बघितलंय, शेवटी ते घेणाऱ्याच्या खिशात फुटलं, पांढरा शर्ट, नवा, आणि बायको शेजारीच उभी.

मी स्वतः एकदा भोपळ्याला ५०० बोलून बसले होते. बारा-पंधरा वर्षं झाली असतील. पर्समध्ये होते १८०. बोली बोलणारा माणूस इतका हुशार असतो की तो तुमच्याकडे बघून "ताईंचे पाचशे, ताईंचे पाचशे" असं ओरडायला लागला की खाली बसायची लाज वाटते. मी दुसऱ्या दिवशी खजिनदारांना सरळ सांगितलं की दोन महिन्यांत देते, त्यांनी वहीत लिहिलं, दिले, पावती घेतली, विषय संपला. तुम्ही पण तेच करा. ७०० चे तीन हप्ते. फोन करा आणि स्वतःहून बोला, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

एक गोष्ट मात्र कमिटीवाल्यांना पण ऐकवते. लिलावाच्या उधारीची नावं रविवारी पुढं उभं राहून वाचायची नाहीत. काही ठिकाणी वाचतात, मला माहितीय. माणूस सणाला जोशात बोलला, त्यात घरी कुणी आजारी पडलं, पगार लांबला, आणि तुम्ही शंभर लोकांत त्याचं नाव घेतलं तर तो पुढच्या वर्षी लिलावाला राहू द्या, उपासनेलाच येणार नाही.

पुण्याहून बदली होऊन आम्ही सोलापूरला आलो. तिकडं आम्ही मेथडिस्ट मंडळीत होतो, इथं घराजवळ सीएनआयचं चर्च आहे. तीन महिने जातोय पण कुणी घरी आलं नाही. आणि एकानं सांगितलं की पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. खरं का?

खोटं. तुमचा पाण्यानं, पिता पुत्र पवित्र आत्म्याच्या नावानं झालाय ना, मग तो झाला. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ते मुळात झालंच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. त्यात अँग्लिकन होते, ब्रिटिश मेथडिस्ट होते, बॅप्टिस्ट होते, म्हणजे लहान बाळाला बाप्तिस्मा देणारे पण आणि मोठेपणीच देणारे पण, आणि दोन्ही पद्धती त्यांनी ठेवल्या. मेथडिस्टांमधली तुम्ही बहुतेक ज्या दुसऱ्या मंडळीचे असाल ती तेव्हा त्यात आली नाही, वेगळी राहिली, पण म्हणून तुम्ही बाहेरचे होत नाही. पुण्याच्या पाळकांकडून, म्हणजे पास्टरांकडून, सभासदत्वाचं पत्र मागवा, बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा, इथल्या पाळकसाहेबांना द्या. ते कमिटीपुढं ठेवतील. हे पत्र आत्ताच घ्या बरं का, नाहीतर पोरीच्या लग्नाच्या वेळी धावपळ होते, दाखला एका गावाला, पत्र दुसऱ्या गावाला.

आता कुणी घरी आलं नाही याबद्दल. वाईट वाटणं बरोबर आहे आणि चूक मंडळीचीच आहे. पण तुम्ही काय करता, शेवटचं गीत झालं की स्कूटर काढता, हो ना? पुढच्या रविवारी वीस मिनिटं आधी जा आणि जो माणूस सतरंज्या झटकत असेल ना त्याच्याकडून एक टोक धरा. पाळकसाहेबांशी ओळख व्हायला वेळ लागतो, सतरंजीवाल्याशी लगेच होते, आणि मंडळीत कोण कुठं राहतं, कुणाकडं घरसभा असते, कुणाचा मुलगा तुमच्या मुलाच्या शाळेत आहे हे सगळं त्यालाच माहीत असतं.

आमच्या तरुण संघानं ड्रम आणि कीबोर्ड घेतला. आता वडीलधारे म्हणतात जुनी भजनंच घ्या, पेटी-तबल्यावर. आम्ही म्हणतो नवीन गाणी पण हवीत. प्रत्येक मीटिंगला यावरून भांडण. (२३ वर्षं, गायनाची जबाबदारी माझ्याकडं)

बाळा, आधी एक विचारते. म्हाताऱ्या बायका नवीन गाणं का म्हणत नाहीत माहितीय का? त्यांना आवडत नाही म्हणून नाही. तुमची पट्टी वर असते! तुमचा कीबोर्डवाला पोरगा स्वतःच्या गळ्याप्रमाणे लावतो, पहिल्या ओळीला सगळे म्हणतात, धृपदाच्या वरच्या सुराला निम्मे गप्प, आणि शेवटी माइकवरची तीन पोरं गातात आणि दोनशे लोक बघतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, ते दोनदा खाली दाबा. पुढच्या रविवारी करून बघ आणि मला कळव.

दुसरं, ज्यांना तुम्ही "जुनी" म्हणता ती भजनं एके काळी फार नवीन होती. मिशनरी आले तेव्हा, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ मध्ये, नंतर नगर, आणि सोलापुरात १८६० च्या दशकात, तेव्हा इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून गायची पद्धत होती, ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागायची. मग कवी नारायण वामन टिळक आले, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांनी अभंग, ओवी, पद अशा आपल्या घाटात ख्रिस्ताची गाणी लिहिली, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी. तेव्हा पण नाक मुरडणारे असणारच की, देवळातलं वाद्य चर्चमध्ये कसं म्हणून. आज तेच तबला-पेटी धरून बसलेत आणि तुमच्या ड्रमला नाक मुरडतात.

पण तुमचं पण चुकतंय. तुमची निम्मी गाणी इंग्रजीवरून ओढून आणलेली असतात, "तू उंच आहेस तू उंच आहेस" असं आठ वेळा, त्यात मराठी कुठंय? एक टिळकांचं भजन घ्या, ड्रम बाजूला, नुसती ढोलकी किंवा तबला, आणि आजींना सांगा की चाल तुम्ही शिकवा. पुस्तकसुद्धा लागत नाही त्यांना, नंबर सांगितला की डोळे मिटून चारी कडवी म्हणतात. एक महिन्यानं त्याच आजी तुमच्या गाण्याला टाळ्या वाजवतील. आणि आपल्याकडं तेलुगू, कन्नड घरं पण किती आहेत, कधी एखादं कडवं तेलुगूत घेऊन बघ, मागच्या बाकावरचे लोक पहिल्यांदा मान वर करतील.

आम्ही महिला मंडळाच्या बायका दर गुरुवारी एका मोठ्या दवाखान्यात पेशंटना भेटायला, प्रार्थना करायला जातो. मागच्या वेळी सिस्टरनी सगळ्यांसमोर झापलं आणि बाहेर काढलं. आम्ही चांगलं काम करतोय तरी असं का?

किती जणी गेला होतात? तुम्ही लिहिलंय नऊ. नऊ बायका एका खाटेभोवती उभ्या राहून मोठ्यानं प्रार्थना करणार, शेजारच्या खाटेवर कुणीतरी रात्रभर जागून आत्ता कुठं डोळा लागलेला, मी सिस्टर असते तर मी पण झापलं असतं.

रागावू नका, काम चांगलंच आहे. मत्तय २५ मध्ये येशूनं आजाऱ्याला भेटायला सांगितलंय, आरडाओरडा करायला नाही. दोघी दोघी जा. भेटीच्या वेळेतच जा. आधी सिस्टरला विचारा, मग पेशंटला विचारा, "प्रार्थना केली तर चालेल का", नाही म्हणला तर नाही, तिथं विषय संपवा, आणि हो म्हणला तर हळू आवाजात दोन मिनिटं. पत्रकं, पुस्तिका काही वाटायचं नाही. दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहितीय, आणि ते सोडा, आजारी माणूस नको म्हणू शकत नाही, त्याच्या हातात काही कोंबणं मला पटत नाही.

आणि खरं सांगू का, पेशंटपेक्षा त्याच्यासोबतच्या माणसाकडं बघा. सोलापूरच्या दवाखान्यांत अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, तिकडं धाराशिव, कर्नाटकातून इंडी-विजापूरकडून लोक येतात, ओळखीचं कुणी नाही, बाई आठ आठ दिवस जिन्याखाली पथारी टाकून असते. माझी आई ॲडमिट होती तेव्हा मी दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले होते, तिसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई आली, फडक्यात चार भाकरी, वर शेंगाची चटणी आणि एक कांदा, हातात दिलं आणि म्हणाली "जेव, तवर मी बसते आईपाशी." ती कुठल्या मंडळीची, का कुठल्या धर्माची, मी विचारलंच नाही. त्या भाकरीची चव अजून आहे तोंडात. तेव्हा नऊ जणींनी प्रत्येकी पाच भाकरी केल्या तर किती होतात बघा. शिवाय थर्मासमध्ये गरम पाणी न्या, मोबाइलचा चार्जर न्या एखादा जास्तीचा, आणि बाईला सांगा जा आंघोळ करून ये. सिस्टर दुसऱ्या आठवड्यात स्वतः सांगेल की त्या कोपऱ्यातल्या खाटेकडं जरा बघा.

मी हिंदू आहे. मैत्रिणीनं नाताळच्या उपासनेला बोलावलंय. अर्पणाची थैली आली तर काय करू? आणि ते ब्रेड-द्राक्षारस घ्यायचा का? चप्पल काढायची का?

चप्पल बाकीचे काढतात का बघा, प्रत्येक ठिकाणी वेगळं. थैली आली तर टाकायचे असतील तर टाका, नाहीतर नुसती पुढं द्या, कुणी मोजत नाही. ते ब्रेड म्हणजे प्रभुभोजन, ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तुम्ही जागेवर शांत बसा, कुणाला वावगं वाटणार नाही, आमची लहान मुलं पण बऱ्याच ठिकाणी बसूनच असतात. उठबस खूप असते, शेजारचीकडं बघून करा. आणि नंतर केक, करंजी खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत, पोटात जागा ठेवून जा.

मुलाचा क्लास रविवारी सकाळीच असतो, संडे स्कूल बुडतं. क्लास महत्त्वाचा की संडे स्कूल?

दोन्ही. संडे स्कूलची सुरुवातच इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला १७८० च्या सुमारास झाली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना रविवारी लिहा-वाचायला शिकवायला, रॉबर्ट रेक्स नावाच्या पेपरवाल्यानं. म्हणजे ती पण शाळाच होती. आता पोरं रविवारी पण जुंपलेलीच, फक्त क्लासला. संडे स्कूलच्या टीचरशी बोला, चार-पाच पोरांची हीच अडचण असेल तर शनिवारी संध्याकाळी घेता येतं, कुणाच्या तरी गच्चीवर. टीचर हो म्हणेल, चहा मात्र तुम्ही द्यायचा.

शुभ शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना तीन तास का? आणि तारीख दरवर्षी का बदलते?

येशू वधस्तंभावर असताना दुपारी बारा ते तीन अंधार पडला म्हणून ती वेळ, आणि तो जे सात वेळा बोलला त्यावर सात जण बोलतात. ही सात वाक्यं एका जागी नाहीत, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत विखुरलीत, लूकमध्ये तीन, योहानात तीन आणि एक मत्तय-मार्कात. सात वक्ते म्हणल्यावर तीन तास होणारच, आणि पाचवा वक्ता नेहमी लांबवतो. तारखेचं म्हणाल तर शुभ शुक्रवार ईस्टरच्या रविवारच्या आधीचा, आणि ईस्टर पौर्णिमेवर चालतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार, म्हणून कधी होळीला लागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या आसपास. सोलापुरात तेव्हा ऊन चाळीसच्या वर, त्यामुळे अकराला या, खिडकीजवळची जागा धरा, पंख्याखालची नको, लाइट जाते. पाण्याची बाटली आणा.