मूल "नुसतं खेळलो" म्हणतं – प्ले थेरपीबद्दल आमचा अनुभव (लांबलंय, सॉरी)

मुलगी दुसरीत, वर्गात तोंड उघडत नाही, शाळेने प्ले थेरपी (खेळता खेळता मुलाचं मन मोकळं करायची थेरपी) सुचवली आणि तिकडून आली की "नुसतं खेळलो" एवढंच सांगते, मग पैसे वाया जातायत का, असं विचारलंय तुम्ही. आमच्या लेकाचं सेम होतं म्हणून लिहितेय. मी डॉक्टर वगैरे नाही, कोथरूडमधली एक आई आहे, त्या हिशोबानेच वाचा.

"नुसतं खेळलो" हे उत्तर बरोबरच आहे हो. प्ले थेरपीवर पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकन सायकॉलॉजिस्ट व्हर्जिनिया अ‍ॅक्सलिन बाईंनी १९४७ मध्येच लिहून ठेवलंय की मूल पुढे, थेरपिस्ट मागे, आणि घाई करायची नाही.

आमचं घोडं अडलं ते शाळेच्या ऑफिसात. सेशन शाळेतच होतं आणि स्लॉट त्यांनी परस्पर ठरवला, पीटीचा तास! का, तर अभ्यास बुडत नाही. वर मावशी वर्गाच्या दारात येऊन मोठ्यांदा नाव घ्यायच्या, काउन्सिलर मॅडमनी बोलावलंय म्हणून, की सगळी पोरं वळून बघणार. मग त्या दिवशी सकाळी याचं पोट दुखायला लागलं. रिपोर्टमध्ये टिकमार्क, 'सहभाग कमी'. वेळ बदला म्हटलं तर अर्ज द्या, अर्ज दिला तर मॅडम मीटिंगमध्ये आहेत, शेवटी काय तर टाइमटेबल फायनल झालंय आणि पालकांनी सहकार्य करावं. पोराला कुणी विचारलंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १२ मुलाच्या मताचं आणि ३१ खेळाचं आहे, भारताने १९९२ मध्ये मान्य केलाय तो. या लोकांनी एका स्लॉटमध्ये दोन्ही घालवले. असो, बीपी वाढतं माझं.

त्याला नेमकं काय खुपतंय ते कळलं कसं, तर घरी खेळण्यांची शाळा मांडली होती आणि एका अस्वलाला सारखं वर्गाबाहेर काढत होता. मी अस्वलालाच विचारलं, काय रे, आवडत नाही का तिकडे? तर अस्वल म्हणे, "मॅडम आवडतात, पण मला खो-खो पण खेळायचाय."

म्हणजे त्याला थेरपी नकोच होती असं नाही. म्हणून माझं मत (पटलं तर घ्या), "काय केलंस, मजा आली का" हे विचारूच नका, पोरं आपल्याला हवं तेच बोलतात. दार उघडं हवं का बंद, घ्यायला कोणी यावं, वर्गातल्या कोणाला कळलेलं चालेल, कुठला तास बुडलेला नको, असलं विचारा. तेही गाडीवर मागे बसवून लगेच नको, निवांत खेळताना. आणि आत काय बोलली ते थेरपिस्टकडून शब्दन् शब्द काढून घेऊ नका. तिच्या जिवाला धोका असेल असं काही असलं तर त्या सांगतातच, सांगायलाच हवं.

घरी भरपूर बोलते आणि फक्त शाळेतच गप्प असेल तर सिलेक्टिव्ह म्युटिझमबद्दल (ठराविक ठिकाणी भीतीने बोलताच न येणं) नक्की विचारा, तो लाजाळूपणा नसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर मागा, लाजायचं काय त्यात. महागडी 'थेरपी टॉइज' घेऊ नका, तुळशीबागेतली भातुकली आणि दोन बाहुल्या पुरतात.

आम्ही शेवटी शाळेतलं बंद करून बाहेर शनिवारी सकाळचा स्लॉट घेतला, वार त्यानेच निवडला. कर्वे रोडला पार्किंग शोधत बसू नका, मेट्रोने जा. शाळेतच चालू ठेवणार असाल तर वेळेचं सगळं ईमेलवर, तोंडी काही नको.