वाडा तर रिकामाच असायचा

कॅलगरीहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. माहेर वाईजवळचं, नवरा सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटमध्ये वाढलेला. दोघांनी तिकडं नुकतंच स्वतःचं घर घेतलंय. ताईंना त्यात झोपाळा, शिसवी देव्हारा, मिरजेचा तंबोरा, तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळ हवंय. नवऱ्याला पांढऱ्या भिंती, करडा सोफा आणि बाकी मोकळी जागा. तो म्हणतो, घराचं म्युझियम करायचं नाही. ताई म्हणतात, याला आवडच नाही. बंब वगळून सगळी यादी वाईला आईकडे पोचलीसुद्धा आहे.

ताई, रागावू नका, पण तुम्हाला आठवतोय तो वाडा नक्की कुठला? माझंही माहेर साताऱ्याकडचं. आजोळच्या माजघरात काय काय होतं ते काल मी डोळे मिटून मोजलं. भिंतीला टेकवलेले पाट, घडवंचीवर पाण्याचा हंडा, कोपऱ्यात जातं, दोन कोनाडे, चार खुंट्या. संपलं. अंथरुणं सकाळीच वळकट्या होऊन कोपऱ्यात जायची. खुर्ची घरात एकच, ती सोप्यात, आणि तलाठी येणार असला तरच पुसली जायची. बाकी सारवलेली जमीन आणि चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा तुम्ही लहानपणापासून बघितला असेल. कोरीवकाम असतं ते खांबांना, दारांना, चित्रं असतात ती भिंतींवर. जमिनीवर मात्र बैठक सोडली तर काही मांडलेलं नसायचं.

म्हणजे तुमच्या अहोंना जे हवंय ते तुमच्या आजीच्या घराच्या बरंच जवळचं आहे. हे त्यांना लगेच सांगू नका, डोक्यावर बसतील. पण तुमच्या डोळ्यांपुढं जो ‘वाडा’ आहे, तो बराचसा हायवेवरच्या हॉटेलांनी तयार केलाय. घंगाळ आंघोळीच्या पाण्याचं. त्यात गुलाबाच्या पाकळ्या तरंगताना आजीनं बघितल्या असत्या तर आधी पाकळ्या उपसल्या असत्या आणि मग चिंच लावून घंगाळ घासलं असतं.

तेव्हा सामान नंतर बघू, आधी कोनाडा करा. कॅनडातली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. आतल्या भिंती पोकळ असतात आणि आतले उभे खांब सहसा १६ इंचांवर. दोन खांबांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल जागा आयती मिळते. सुतार एका दिवसात कोनाडा काढून देतो. बाहेरची भिंत घेऊ नका, तिच्यात थंडी अडवणारा थर असतो. वायर आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत तेही आधी बघून घ्या. आणि त्यात खरी पणती लावायची नाही, लाकूड बोटभर अंतरावर असतं. बारीक बल्ब पुरे. इकडून दिव्याचं काही नेणार असाल तर आपला २३० व्होल्टचा पिनवाला बल्ब तिकडं चालत नाही, तिथं १२० व्होल्ट आणि आट्यांचा होल्डर.

आता देव्हारा. आईनं लिहिलंय म्हणे की तो पणजीच्या लग्नातला. हिशेब घाला. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती घरच्यांना देशाबाहेर नेता येत नाही. तेवढा जुना नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागेल. शिवाय तो शिसवाचा. शिसवाची सगळी जात २०१७ पासून सायटीस या दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे बाहेर न्यायला परवाना लागतो. तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सूट आहे, पण कोरीव देव्हारा १० किलोत बसला तर मला कळवा. सागाला ही कटकट नाही. माझं मत विचाराल तर देव्हारा आईकडेच राहू दे, तिथं रोज दिवा लागतो. तुम्ही देव न्या आणि कोनाड्यात बसवा.

तंबोरा कोण वाजवणार? पत्रात तेवढंच नाही. मिरजेचे कारागीर मूळचे शस्त्रं परजणारे शिकलगार. दीडशेहून अधिक वर्षं ते तंतुवाद्यं घडवताहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या हातांखालून गेलेली वस्तू सोफ्यामागं शोभेला उभी करायची? त्यातून कॅलगरीची हिवाळ्यातली कोरडी हवा. हीटर लागला की लाकूड आकसतं, भोपळ्याला तडा जाऊ शकतो.

लाकडाचं हे मला सांगलीनं शिकवलं, उलट्या बाजूनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर बघते तर भुशाच्या बोर्डाचं नवंकोरं कपाट भिजलेल्या पावासारखं फुगलेलं. सासूबाईंची सागवानी पेटी मात्र चिखल धुतल्यावर तशीच. घाईनं तिला उन्हात ठेवायला निघाले तर शेजारचे सुतारमामा ओरडले, “वहिनी, सावलीत! उन्हात ठेवली तर तडकंल.” महिनाभर पडवीत वाळवली. झाकण जरा वाकडं बसतं, पण आजही त्यात गहू आहेत. तिकडच्या हवेचं काम त्या उन्हासारखंच, फक्त सावकाश. न्याल ते लाकूड हीटरच्या झोतापासून लांब ठेवा.

झोपाळ्यावर मात्र मी तुमच्या बाजूची, कारण झोपाळा वापरला जातो. संध्याकाळी त्यावर भाजी निवडली जाते, पोर झोपतं, भांडण झालं की एकजण तिथं जाऊन बसतो. पण फळी इकडून नेऊ नका. पितळी कड्या तेवढ्या बॅगेत घाला, वजनाला जड असल्या तरी दोन बॅगांत विभागून जातात. फळी तिथल्या सुताराकडून करून घ्या. ते लाकूड त्या हवेत मुरलेलं असतं. हूक छताच्या पत्र्यासारख्या पातळ बोर्डात नाही, वरच्या तुळईत गेले पाहिजेत, आणि तुळई हलता भार घेईल का हे माणूस बोलावून तपासा. पुढंमागं तीन-तीन फूट मोकळं लागेल. ते अहोंच्या मोकळ्या जागेतूनच द्यावं लागणार. त्या बदल्यात करडा सोफा त्यांना घेऊ द्या. फक्त बैठक जमिनीपासून १८ इंच तरी हवी. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या की त्या बुटक्या सोफ्यातून त्यांना उठवायला दोघं लागतील.

यादीत एक गोष्ट नव्हती, ती मी घालते. वाकळ. करड्या सोफ्यावर किंवा पांढऱ्या पलंगावर आजीच्या पातळांची वाकळ पडली की अहो काही बोलणार नाहीत, आणि तिला परवाना, दाखला काही लागत नाही. आईला आजच फोन करा, नाहीतर ती नेहमीच्या मापाची शिवून मोकळी होईल. तुमचा क्वीन पलंग ६० बाय ८० इंच. नऊवारीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे दोन पन्हे जोडले की ९०. ९० इंचांचे तुकडे पाडले तर एका पातळातून तीन निघतात, म्हणजे दीड थर. तीन पातळांत चार थर होऊन ठिगळांना कापड उरतं. चाराच्या वर थर नकोत, ओली वाकळ तिकडच्या मशीनला उचलत नाही. आणि वरच्या थराला आजीचं ते हिरवं इरकल घ्यायचं की नाही, हे आईला ठरवू दे.